पऱ्हाटीचा गॅस मोजताना

सोयाबीनचे भुसकट, तुराट्या आणि मांजरा नदीच्या पट्ट्यातले उसाचे पाचट हा लातूरकडचा उरलेला माल. नांदेडकडे भोकर, हदगाव, किनवट या भागांतल्या कापसाच्या पऱ्हाट्या. ज्वारीचा कडबा यात धरायचा नाही. तो जनावरांचा आहे आणि दुष्काळाच्या वर्षी त्याच्यावर दुसरा कोणी हक्क सांगू नये. सोयाबीनचे कुटारही आता पुष्कळ शेतकरी गोठ्यात नेतात, तुराट्यांचे कूड होतात, पऱ्हाट्या चुलीत जातात. एवढे करूनही बरेच उरते आणि बांधावर पेटवले जाते. पऱ्हाटी तर शेतात ठेवूच नका, असे कृषी खाते दर हंगामाला सांगते, कारण गुलाबी बोंडअळी तिच्यातच पुढच्या हंगामाची वाट पाहत बसते. अलीकडे या मालाला गिऱ्हाईक मिळाले ते ‘पांढऱ्या कोळशा’चे. भुसकट, टरफले आणि काड्या दाबून केलेल्या या कांड्या औद्योगिक वसाहतींतल्या बॉयलरांत जातात. लातूर जिल्ह्यात लोदग्याच्या आसपास बांबूलाही कोळशाचा पर्याय म्हणून पुढे आणले जात आहे.

बॉयलरमध्ये थेट जाळणे हा एक मार्ग झाला. दुसरा मार्ग गॅसिफायरचा. पूर्ण जळायला जेवढी हवा लागते तिच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्याएवढीच हवा द्यायची. मग काडी धड जळत नाही, तिचा ज्वलनशील गॅस होतो. वरून काडी आणि खालून गॅस अशा उतरत्या प्रवाहाच्या गॅसिफायरमध्ये, काम नीट चालले असेल तर, कार्बन मोनॉक्साइड १८ ते २२ टक्के, हायड्रोजन १५ ते २० टक्के, कार्बन डायऑक्साइड १० ते १५ टक्के, मिथेन १ ते ३ टक्के आणि उरलेला सगळा नायट्रोजन निघतो. एका घनमीटरमागे साधारण ४ ते ५.५ मेगाज्यूल उष्णता मिळते, म्हणजे नैसर्गिक वायूच्या सातव्या-आठव्या हिश्श्याएवढी. गॅस गरीब आहे, पण घरचा आहे. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेनासे झाले तेव्हा आपल्याकडच्या बसगाड्या आणि युरोपातल्या लाखो मोटारी याच गॅसवर धावल्या. पेट्रोल परत आले तशी ही विद्या विस्मरणात गेली आणि १९७०च्या दशकातल्या तेलटंचाईनंतर पुन्हा वर काढावी लागली.

आज प्रश्न गॅस काढता येतो का, हा नाही. निघालेला गॅस दर मिनिटाला कसा आहे हे कळते का, हा आहे. अवरक्त (इन्फ्रारेड) वर्णपटमापनाचा, म्हणजे वायूंनी अडवलेल्या किरणांवरून गॅस मोजण्याच्या पद्धतीचा, आढावा घ्यायचा तो यासाठी.

फलटणचा आकडा

मराठवाड्याच्या मालाशी जुळणारे काम शोधायला फार लांब जावे लागत नाही. फलटणची निंबकर कृषी संशोधन संस्था ब. वि. निंबकरांनी १९६८ साली स्थापन केली. तिथे अनिल राजवंशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लाकूड सोडून मुद्दाम हलका, फुगीर माल गॅसिफायरमध्ये घालायचे ठरवले: उसाचे पाचट, बगॅस, बाजरीची धाटे, गोड ज्वारीचा चोथा. लाकडाच्या ठोकळ्यांवर चालणारा गॅसिफायर अशा मालावर अडतो. माल खाली सरकत नाही, मध्येच कमान धरतो, कमानीखाली पोकळी होते आणि तिथून हवा सरळ निघून जाते. १९९७ साली जोरापूर आणि राजवंशी यांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधात तासाला १,०८० मेगाज्यूल उष्णता देणाऱ्या संचाचे वर्णन आहे. प्रयोगशाळेत तो ७०० तासांहून अधिक चालवला गेला आणि पुढे एका धातुउद्योगाच्या भट्टीला जोडून पाहिला गेला. मूळ मालाच्या वजनाच्या सुमारे २४ टक्के कोळसा शिल्लक राहत होता.

त्या निबंधातला मला सर्वांत बोलका वाटतो तो गॅसच्या उष्मांकाचा आकडा: घनमीटरला ३.५६ ते ४.८२ मेगाज्यूल. एकाच संचातून निघालेल्या गॅसच्या तळाच्या आणि वरच्या आकड्यांत पस्तीस टक्क्यांचे अंतर आहे. यात संचाचा दोष नाही, मालाचा स्वभावच तसा आहे. पाचट कधी कोरडे असते, कधी दवाने ओलावलेले. कधी माती लागलेले, कधी स्वच्छ. भट्टी असेल तर ज्योत थोडी लांब-आखूड होते आणि निभावते. इंजिन असेल तर एवढ्या चढउतारात ते अडखळते, कारण हवा आणि गॅसचे प्रमाण आधी कुठल्या तरी एका आकड्यावर बसवलेले असते.

दिवसाकाठी दोन-चार वेळा फुग्यात नमुना भरून गॅस क्रोमॅटोग्राफवर तपासण्याची जुनी पद्धत अचूक आहे, पण ती घटना होऊन गेल्यावर बातमी देते. कमान धरून कोसळण्याचा प्रकार काही मिनिटांत आटोपतो. तो पकडायचा तर सतत पाहणारे काही तरी हवे.

प्रकाश कुठे अडतो

जॉन टिंडलने १८५९ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये लांब नळीत वेगवेगळे वायू भरून त्यांतून उष्णतेचे किरण सोडले. ऑक्सिजन, नायट्रोजन, हायड्रोजन यांनी किरण जवळजवळ जसेच्या तसे जाऊ दिले. पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड, इथिलीन यांनी ते अडवले. त्याच्या नमुन्यांत दगडी कोळशापासून काढलेला, शहरातले दिवे पेटवणारा गॅसही होता. म्हणजे कोळशातून काढलेला गॅस आणि अवरक्त किरण यांची ओळख या शास्त्राच्या पहिल्या दिवसांपासूनची आहे.

कारण आज शाळेत शिकवता येईल इतके स्पष्ट आहे. रेणू कंप पावताना त्याच्यातल्या विद्युतभाराची मांडणी बदलत असेल, तरच तो अवरक्त किरण शोषतो. कार्बन मोनॉक्साइडची दोन टोके वेगळी, म्हणून तो ४.६७ मायक्रोमीटरच्या आसपास प्रकाश खातो. कार्बन डायऑक्साइडचा ठळक पट्टा ४.२६ वर, मिथेनचा ३.३ वर. किती प्रकाश शोषला गेला यावरून वाटेत किती रेणू होते ते काढता येते.

यावर उभे राहिलेले कारखान्यातले पहिले यंत्र १९३८च्या सुमारास जर्मनीतल्या आय. जी. फार्बेन या रसायन कंपनीत एर्विन लेहरर आणि कार्ल लुफ्ट यांनी केले. त्यांची युक्ती चतुर होती. प्रकाशाचे रंग वेगळे करण्याच्या भानगडीत न पडता त्यांनी जो वायू मोजायचा तोच शोधकाच्या कुपीत भरला. मग तो आपोआप आपल्याच लहरी तेवढ्या टिपतो. आता कुपीच्या जागी बहुधा प्रकाशाचा पातळ गाळक असतो, पण तत्त्व तेच, आणि या वर्गाला एनडीआयआर म्हणतात.

नांदेड-लातुरात हे यंत्र कोणी पाहिले नाही असे समजू नये. रस्त्याकडेच्या पीयूसी केंद्रावर पेट्रोल गाडीच्या नळकांड्यात नळी खुपसून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बनचे आकडे छापून देतात ते एनडीआयआरच. साखर कारखाने आणि आसवन्यांसह सतरा प्रकारच्या प्रदूषणकारी उद्योगांना सतत ऑनलाइन मापन बसवण्याचे निर्देश केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१४ मध्ये दिले, आणि चिमणीतले वायू मोजणाऱ्या यंत्रांतही हेच तत्त्व मोठ्या प्रमाणावर वापरले जाते. तेव्हा यंत्र उघडून पुसू शकणारी माणसे इथे तयार करता येतील. पीयूसीचेच यंत्र उचलून गॅसिफायरला लावावे, असा सल्ला मात्र कोणी देऊ नये. त्याचा पल्ला धुराड्यातल्या काही टक्क्यांचा, इथे वीस टक्क्यांचा गॅस. शिवाय त्याचा हायड्रोकार्बनचा आकडा हेक्झेन गृहीत धरून बसवलेला असतो. मिथेन त्या गाळकात फार कमी भरतो.

जे दिसत नाही

टिंडलच्या यादीतले जे वायू प्रकाश अडवत नव्हते, त्यांतच गॅसिफायरवाल्याची खरी अडचण आहे. हायड्रोजन दिसत नाही, नायट्रोजन दिसत नाही, ऑक्सिजनही दिसत नाही. दोन सारख्या अणूंचे हे रेणू. कंप पावले तरी विद्युतभाराची मांडणी बदलत नाही.

हा तोटा किती मोठा ते हिशेबाने पाहू. गॅसमध्ये कार्बन मोनॉक्साइड २० टक्के, हायड्रोजन १८ टक्के, मिथेन २ टक्के धरा. घनमीटरला पहिल्याकडून सुमारे २.५३ मेगाज्यूल, दुसऱ्याकडून १.९४, तिसऱ्याकडून ०.७२; एकूण ५.१९. यात हायड्रोजनचा वाटा साडेसदतीस टक्के. अवरक्त यंत्र कितीही महागाचे घ्या, गॅसच्या ताकदीचा तिसऱ्या हिश्श्याहून मोठा भाग त्याच्या नजरेबाहेर राहतो. बाजारातल्या माहितीपत्रकांत ‘सिन्गॅसचे (म्हणजे गॅसिफायरच्या गॅसचे) संपूर्ण विश्लेषण’ असे लिहिलेले असते, तेव्हा त्या पेटीत अवरक्तच्या जोडीला आणखी काय आहे, हे आधी विचारावे.

जोडीला बहुधा उष्णतावाहकता मोजणारा शोधक असतो. हायड्रोजन इतर वायूंपेक्षा उष्णता कितीतरी पटींनी चांगली वाहून नेतो, म्हणून तापलेली तार त्याच्या सान्निध्यात जास्त थंड होते. पण त्या तारेवर कार्बन डायऑक्साइड आणि मिथेनचाही परिणाम होतो. तो वजा करायला अवरक्तचे आकडे लागतात. आणि ते आकडे चुकले की हायड्रोजनही चुकतो. चुकण्याची नेहमीची जागा मिथेनची: ३.३ मायक्रोमीटरला कार्बन-हायड्रोजन बंध असलेले सगळेच रेणू थोडेफार शोषतात, त्यामुळे इथिलीन, इथेन हेही मिथेनच्या खात्यावर जमा होतात. गॅसिफायर थंड चालला, अर्धवट जळके हायड्रोकार्बन वाढले, की पडद्यावर ‘मिथेन’ वाढलेला दिसतो आणि नवा चालक गॅस सुधारला म्हणून खूश होतो. प्रत्यक्षात तेव्हा टार, म्हणजे गॅसबरोबर निघणारे डांबरासारखे चिकट द्रव्य, वाढत असते.

ऑक्सिजनचा मुद्दा जिवाशी निगडित आहे. हायड्रोजन हवेत ४ ते ७५ टक्के आणि कार्बन मोनॉक्साइड सुमारे १२.५ ते ७४ टक्के या पल्ल्यात पेट घेतो. कमान कोसळून किंवा झाकण गळून नळीत हवा शिरली तर अवरक्त यंत्र सगळे वायू थोडे थोडे पातळ झालेले दाखवील. धोक्याचा थेट आकडा देणार नाही. त्यासाठी स्वस्तातला विद्युतरासायनिक ऑक्सिजन शोधक वेगळा लावलाच पाहिजे. कामाच्या जागेतल्या कार्बन मोनॉक्साइडसाठीही वेगळाच शोधक हवा. नळीतला २० टक्के कार्बन मोनॉक्साइड म्हणजे दशलक्षामागे दोन लाख भाग, आणि कारखाने कायद्याच्या परिशिष्टात आठ तासांच्या पाळीची सरासरी मर्यादा ५० भागांची आहे. चार हजार पटींचे अंतर एकाच यंत्राने सांभाळायचे नसते.

हायड्रोजन आणि नायट्रोजन दोन्ही पाहणारी प्रकाशाची एक पद्धत आहे आणि ती भारतात सापडलेली आहे. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ साली दाखवलेल्या विखुरणाच्या परिणामात सारख्या अणूंचे रेणूही स्वतःची खूण सोडतात. पण वायू विरळ असल्याने ती खूण क्षीण असते. तिला प्रखर लेसर, चांगला शोधक आणि अत्यंत स्वच्छ काच लागते. टारने भरलेल्या गॅसमध्ये काच स्वच्छ ठेवणे हीच तर सगळ्यात मोठी अडचण आहे, आणि त्यात टारमधली वलयाकार संयुगे लेसरखाली स्वतः चमकू लागतात. शुद्ध केलेल्या गॅससाठी रामन यंत्रे कामाला येतात. पऱ्हाटीच्या कच्च्या गॅसवर त्यांचा निभाव लागणे कठीण.

नळी, पाणी आणि दाब

अवरक्त मापनावरचे बरेचसे लेखन यंत्राच्या आतल्या भौतिकीवर असते. प्रत्यक्षात मोजमाप बिघडते ते यंत्राबाहेरच्या दोन-तीन मीटर नळीत. गॅस गरम, धुळीने भरलेला, ओला आणि टारयुक्त असतो. उतरत्या प्रवाहाच्या गॅसिफायरमध्ये टार घनमीटरला एखाद्या ग्रॅमच्या घरात, चढत्या प्रवाहात त्याच्या पन्नास पटींपर्यंत. इंजिनाला मात्र शंभर मिलिग्रॅमपेक्षा कमीच चालते. हा गॅस नळीत थंड झाला की टार चिकटते, धूळ टारवर बसते, नळी बुजते. नमुना कमी येऊ लागतो आणि यंत्र जुनेच आकडे शांतपणे दाखवत राहते. यावर उपाय रंगीत पडद्याचा नाही: गाळक, थंड पाण्याच्या बाटल्या, कापसाचा बोळा, बारीक गाळणी, आणि हे सगळे वेळच्या वेळी बदलणारा माणूस.

थंड करून पाणी काढले की आकडे ‘कोरड्या गॅस’चे होतात. गॅसमध्ये १२ टक्के वाफ असेल तर कोरड्यात २० टक्के दिसणारा कार्बन मोनॉक्साइड ओल्यात १७.६ टक्केच असतो. दोन अहवालांची तुलना करताना हा फरक न पाहता कोणाचा गॅसिफायर चांगला यावर वाद घातले जातात.

दुसरी गोष्ट उंचीची. अवरक्त यंत्र टक्केवारी मोजत नाही, वाटेतल्या रेणूंची दाटी मोजते. लातूर समुद्रसपाटीपासून पाचशे-सहाशे मीटर उंचावर आहे. तिथे हवेचा दाब मुंबईपेक्षा पाच-सात टक्क्यांनी कमी. मुंबईला जुळवून आणलेले आणि दाबाची दुरुस्ती नसलेले यंत्र लातुरात २० टक्के गॅसला १९ किंवा त्याहून थोडे कमी म्हणेल. नांदेड गोदावरीच्या काठी, खालच्या पातळीवर. तिथे चूक कमी होते. एकच यंत्र दोन गावांत फिरवून ‘नांदेडचा गॅस जास्त चांगला’ असा निष्कर्ष काढणे अशा प्रकारे सहज शक्य आहे. दोष दुरुस्त करायला दाबमापक पुरतो, पण त्याची गरज माहीत हवी.

उन्हाळ्यात मराठवाड्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये पारा बेचाळीसच्या वर जातो, तेव्हा शोधकाचा शून्यबिंदू सरकतो. शून्य तपासायला नायट्रोजन आणि दुसरे टोक तपासायला ठरलेल्या मिश्रणाचा सिलिंडर लागतो. हे मिश्रण मोठ्या शहरातून मागवावे लागते, त्याला मुदत असते आणि ते संपले की पुढची मागणी लांबते. माझ्या मते अवरक्त यंत्राच्या खरेदीच्या कागदात दोन वर्षांच्या सिलिंडरांची तरतूद नसेल तर ती खरेदी करू नये.

मोठे यंत्र कशासाठी

फूरिए रूपांतर अवरक्त यंत्र, म्हणजे एफटीआयआर, एका गाळकावर न थांबता सगळा वर्णपट एकदम नोंदवते. त्याच्या पोटात मायकेलसनचा व्यतिकरणमापक असतो. एक आरसा पुढेमागे सरकतो आणि मिळालेल्या लहरीचे गणिताने रंगांत विभाजन होते. रसायनशास्त्राच्या विभागांत हे यंत्र आता नवलाईचे राहिलेले नाही, पण तिथे बहुधा घन पदार्थ आणि द्रव तपासले जातात. गॅससाठी वेगळी कुपी लागते. दशलक्षामागे काही भाग एवढा सूक्ष्म वायू पाहायचा तर प्रकाशाला कुपीत आरशांवरून कित्येक मीटर फिरवावे लागते. जॉन व्हाइटने १९४२ साली अशी कुपी रचली आणि ती आजही वापरात आहे. कुपीच्या खिडक्या पोटॅशियम ब्रोमाइडच्या असतील तर पावसाळ्यात त्या दमटपणाने धुरकट होतात. झिंक सेलेनाइड महाग, पण टिकाऊ. सर्वांत संवेदनशील शोधकाला द्रव नायट्रोजन लागतो. तो इथे अगदीच परका नाही: लाल कंधारी आणि देवणी गाईंच्या कृत्रिम रेतनासाठी गोठवलेले वीर्य द्रव नायट्रोजनच्याच भांड्यांत ठेवतात.

एवढ्या खटाटोपाची मराठवाड्यात गरज आहे का? कार्बन मोनॉक्साइड, कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन एवढ्यासाठी अजिबात नाही. पण इथल्या मालात एक गोष्ट अशी आहे की जी लाकडावर वाढलेल्या युरोपीय साहित्यात दुय्यम राहते. सोयाबीन आणि तूर ही द्विदल पिके. त्यांच्या पाल्यात आणि शेंगांच्या टरफलांत नायट्रोजन लाकडापेक्षा बराच जास्त असतो. गॅसिफायरमध्ये तो अमोनिया आणि हायड्रोजन सायनाइड होऊन बाहेर पडतो. पुढे हा गॅस इंजिनात जळला की नायट्रोजनची ऑक्साइडे होतात. धुण्याच्या पाण्यात अमोनिया उतरला की ते पाणी कुठे सोडायचे हा प्रश्न उभा राहतो. लातूरला पिण्याचे पाणी २०१६च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने आणावे लागले होते. अशा जिल्ह्यात गॅस धुवायला पाणी वापरणारी आणि वर ते दूषित करणारी रचना डोळे मिटून स्वीकारता येणार नाही.

अमोनिया मोजायला एफटीआयआरच सोयीचे, कारण नमुना थंड केला की अमोनिया पाण्यात विरघळून निघून जातो आणि आकडा खोटा कमी येतो. इथे नळी आणि कुपी १८० अंशांच्या आसपास तापलेली ठेवून ओला गॅस तसाच मोजावा लागतो. तिथेही कटकट आहे. अमोनियाच्या दोन ठळक रेषा १०.३ आणि १०.७ मायक्रोमीटरच्या आसपास. त्यांच्या बरोबर मध्ये १०.५ वर इथिलीन ठाण मांडून बसते. हायड्रोजन सायनाइडची खूण १४ मायक्रोमीटरला, आणि तिथे ॲसिटिलीन, टोल्यूइन, बेंझीन, कार्बन डायऑक्साइडची कड अशी सगळीच गर्दी. हायड्रोजन क्लोराइड हायड्रोकार्बनच्या पट्ट्याखाली दडतो. हायड्रोजन सल्फाइड अवरक्तमध्ये इतका फिका की त्यासाठी दुसरी पद्धतच बरी. मग संगणकाला प्रत्येक वायूचा शुद्ध वर्णपट देऊन, मिळालेला वर्णपट त्यांच्या बेरजेने जुळवावा लागतो. अमेरिकेतल्या हिट्रान आणि पीएनएनएलच्या वर्णपटसंग्रहांचा मोठा आधार मिळतो, परंतु १८० अंशांच्या कुपीसाठी जुळवणी स्वतःच करावी लागते. हे काम महिन्यांचे आहे आणि ते करणारा माणूस नोकरी सोडून गेला की यंत्र कपड्याखाली झाकले जाते.

टार मोजायला अवरक्त वापरण्याचे प्रयत्न युरोपात बरेच झाले. बेंझीन, नॅफ्थलीन, फिनॉल यांच्या खुणा ओळखता येतात, जड संयुगे एकमेकांत मिसळून जातात. म्हणून टारचा अधिकृत आकडा अजूनही आयसोप्रोपेनॉलच्या बाटल्यांतून गॅस बुडबुडवूनच काढतात. युरोपीय मानक संस्थेने २००६ साली त्याची पद्धत ठरवून दिली. अवरक्त यंत्र टार वाढत आहे की घटत आहे एवढे सांगू शकते. चालकाला बहुधा तेवढेच हवे असते.

लेसरची पद्धत या सगळ्यात नवी. एकाच रेषेवर बारीक लेसर सोडायचा, तोही नमुना बाहेर न काढता थेट नळीच्या आरपार. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या रोनाल्ड हॅन्सन यांच्या गटाने अमेरिकेतल्या कोळशाच्या गॅसिफायरांवर असे मापन करून दाखवले. स्वीडनमधल्या उमिओ विद्यापीठात पोटॅशियमची वाफ लेसरने मोजली जाते, आणि हे आपल्या कामाचे आहे. गॉथनबर्गच्या गोबीगॅस या गॅसिफायर प्रकल्पात पोटॅशियम घातल्यावर टार कमी होते हे अनुभवाला आले. तो प्रकल्प २०१८ साली बंद झाला, पण तो धडा राहिला. काडीकचऱ्यात पोटॅशियम लाकडापेक्षा जास्त असते. ते टार कमी करायला मदत करते आणि त्याच वेळी राख वितळवून तिचे खंगर करते, जे जाळीत अडकून गॅसिफायर बंद पाडते. दोन्ही परिणामांचा तोल कुठे सांभाळायचा, हे पऱ्हाटीसाठी वेगळे आणि भुसकटासाठी वेगळे असणार. लेसरचा खर्च मात्र या पट्ट्यातल्या लहान उद्योगाच्या आवाक्यात नाही, आणि येत्या काही वर्षांत येईल असे मला वाटत नाही.

नांदेड-लातूरसाठी

नांदेडला १९८१ पासून श्री गुरू गोविंदसिंगजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था आहे आणि तिथे इन्स्ट्रुमेंटेशनचा विभाग आहे. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ साली स्थापन झाले. त्याचे उपकेंद्र लातूरला आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठाचे गळीत धान्य संशोधन केंद्र लातुरात आणि कापूस संशोधन केंद्र नांदेडात, म्हणजे दोन्ही मुख्य मालांचे जाणकार दोन्ही गावांत. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पऱ्हाटीच्या कांड्या, गोळ्या आणि फळ्या यांवर काम केले आहे. संस्थांचा तुटवडा नाही. गरज आहे ती कामाची वाटणी करण्याची.

माझ्या मते ती वाटणी अशी व्हावी. प्रत्येक चालत्या गॅसिफायरवर तीन वायूंचे एनडीआयआर, हायड्रोजनचा उष्णतावाहक शोधक, ऑक्सिजनचा वेगळा शोधक आणि दाबमापक. यापेक्षा जास्त काही नको. एफटीआयआर जिल्ह्याजिल्ह्यात नको. दोन्ही जिल्ह्यांत मिळून एक, तापलेल्या नळीसह, एखाद्या शैक्षणिक संस्थेत. हंगामात ते गाडीत घालून गॅसिफायरपाशी न्यायचे. एकाच संचावर आठवडाभर भुसकट, आठवडाभर तुराटी, आठवडाभर पऱ्हाटी, आणि अमोनिया, सायनाइड, टारच्या खुणा यांची शेजारी-शेजारी नोंद. तेवढ्या नोंदीवरून साध्या यंत्रांना कुठली दुरुस्ती लावायची तेही ठरते.

गॅसच्या आधी मालाकडेही पाहावे लागेल. ओलाव्याला पाण्याचे जवळच्या अवरक्तमधले १.४५ आणि १.९४ मायक्रोमीटरचे पट्टे चांगले टिपतात. लातूरच्या शेतकऱ्याला ओलाव्याच्या आकड्याची किंमत वेगळी सांगायला नको. हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनला १२ टक्के ओलाव्याची अट आहे आणि २०२४च्या हंगामात ती १५ टक्क्यांपर्यंत सैल करावी लागली, त्याआधी केंद्रांवर किती तंटे झाले ते सर्वांना ठाऊक आहे. गॅसिफायरच्या तोंडाशी ओलावा मोजला तर गॅसमधल्या चढउतारांतले पुष्कळसे आधीच उलगडतील. ओला माल आला की कार्बन मोनॉक्साइड घसरतो, कार्बन डायऑक्साइड वाढतो, भट्टी थंडावते. हे पडद्यावर दिसेपर्यंत वीस मिनिटे वाया गेलेली असतात.

एक नवे वळणही ध्यानात ठेवायला हवे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत एस. दसप्पा यांच्या गटाने हवेऐवजी ऑक्सिजन आणि वाफ वापरून काडीकचऱ्यापासून हायड्रोजन काढण्याची पद्धत विकसित केली आहे. एक किलो मालामागे सुमारे १०० ग्रॅम हायड्रोजन मिळतो असे संस्थेने २०२२ साली जाहीर केले. तशा संचात विकायचा मालच अवरक्तला न दिसणारा असेल. तिथे अवरक्त यंत्राचे काम उलटे होईल. हायड्रोजनमध्ये कार्बन मोनॉक्साइडची किती भेसळ उरली ते सांगणे, आणि त्यात ते पटाईत आहे.

सध्या पांढऱ्या कोळशाचा व्यापारी माल घेतो तो वजन, ओलावा आणि राख पाहून. तुराटीचा गॅस भुसकटाच्या गॅसपेक्षा किती स्वच्छ, त्यात अमोनिया किती कमी, खंगर किती कमी, हे आकड्यांत मांडता आले तर तुराटीला भुसकटापेक्षा चार पैसे जास्त का द्यावेत, यावर सौदा करायला शेतकऱ्याच्या हातात काही तरी येईल.